मरणोत्तर अवयवदान: महाराष्ट्रातल्या कुटुंबांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

मी प्रत्यारोपण समन्वयक आहे. माझं निम्मं काम आयसीयूबाहेरच्या खुर्च्यांवर होतं आणि उरलेलं निम्मं फोनवर. व्याख्यानानंतर चिठ्ठ्या येतात, रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर आवाज येतो, "ताई, एक विचारू का?" तेच ते प्रश्न इतक्यांदा आले, की ते एकदा लिहून काढलेले बरे. प्रश्न लोकांच्याच शब्दांत ठेवलेत. जिथे एकाचं उत्तर दुसऱ्यात आलंय तिथे क्रमांक दिलाय.

१. अवयवदान, नेत्रदान, देहदान हे सगळं एकच ना?

नाही. सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते.

हृदय, फुप्फुसं, यकृत, मूत्रपिंडं, स्वादुपिंड, आतडी हे अवयव मरणानंतर द्यायचे, तर आपल्याकडे जवळजवळ नेहमी एकच वाट असते: माणूस आयसीयूत व्हेंटिलेटरवर असताना त्याचा मेंदूमृत्यू झालेला असला पाहिजे. हृदय बंद पडलं की रक्त थांबतं, आणि रक्त थांबलं की हे अवयव मिनिटांच्या हिशेबात खराब होऊ लागतात. डोळे आणि त्वचा यांचं तसं नाही. हृदय थांबल्यानंतरही, घरी मृत्यू झाला तरीही, साधारण ६ तासांच्या आत ते देता येतात. देहदान म्हणजे संपूर्ण शरीर वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला देणं. त्याचा कायदाही निराळा, १९४९ सालचा.

"आजोबांनी फॉर्म भरला होता, पहाटे झोपेतच गेले, किडनी न्यायला कधी येताय?" असा फोन आला की मला उत्तर देणं जड जातं. किडनी घेता येत नाही. डोळे मात्र घेता येतात. त्यासाठी प्रश्न १७ लगेच वाचा, घड्याळ चालू झालेलं असतं.

२. ब्रेनडेड म्हणजे कोमाच की. कोमातून तर लोक उठून बसतात!

कोमात मेंदू जखमी असतो, पण जिवंत असतो. पेशंट स्वतः श्वास घेऊ शकतो, बुबुळं उजेडाला प्रतिसाद देतात, घशात नळी फिरली तर खोकला येतो. काही जण यातून बाहेर येतात, काही वर्षानुवर्षं तसेच राहतात. त्यांच्या अवयवदानाचा विषयच निघत नाही.

मेंदूमृत्यूत मेंदूचं खोड, म्हणजे मस्तिष्कस्तंभ, कायमचा बंद पडलेला असतो. श्वास घेण्याचा हुकूम तिथूनच सुटतो. डोक्याला जबर मार लागला, मेंदूत मोठा रक्तस्राव झाला, की कवटीच्या आत सूज वाढत जाते. कवटी हाडाची, ती ताणली जात नाही. दाब इतका वाढतो की मेंदूकडे येणारं रक्तच अडतं. ज्या मेंदूला रक्त मिळालेलं नाही तो परत सुरू होत नाही.

"अमुक गावचा माणूस ब्रेनडेड होता, सहा महिन्यांनी चालत घरी गेला" ही बातमी मला वर्षातून दोनदा तरी कुणीतरी पाठवतं. आतापर्यंत अशा ज्या बातम्यांच्या मुळाशी जाता आलं, त्या प्रत्येकीत एकतर तो कोमा होता किंवा पुढच्या प्रश्नात दिलेल्या तपासण्या झालेल्याच नव्हत्या.

३. मग अंग गरम कसं? छाती हलते, मॉनिटरवर ठोके दिसतात...

छाती मशीन हलवतं. व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो, त्यामुळे ऑक्सिजन रक्तात जातो, आणि हृदयाला ऑक्सिजन मिळतोय तोवर ते धडधडत राहतं. ठोके द्यायला हृदयाला मेंदूची गरज लागत नाही, त्याची विजेची सोय त्याच्याच आत असते. रक्त फिरतंय म्हणून अंग गरम. आईच्या हाताला मुलाचा हात गरम लागतो आणि डॉक्टर सांगतात की तो गेला. यावर पहिल्या फटक्यात विश्वास बसत नाही, आणि तो बसावा अशी अपेक्षाही नाही. हवा तितका वेळ विचारा.

४. हे ठरवतं कोण? एकाच डॉक्टरनं सांगितलं तर?

एका डॉक्टरच्या सांगण्याला कायद्यात किंमत नाही. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ सालचा आहे. २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, २०१४ मध्ये नवे नियम आले. त्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ लागतं: रुग्णालयाचे प्रभारी डॉक्टर, शासनमान्य यादीतले एक स्वतंत्र तज्ज्ञ, न्यूरोलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन (ते नसतील तर मान्यताप्राप्त यादीतले फिजिशियन, सर्जन, भूलतज्ज्ञ किंवा इंटेन्सिव्हिस्ट), आणि उपचार करणारे डॉक्टर. प्रत्यारोपणाच्या टीममधला एकही डॉक्टर या चौघांत चालत नाही. सगळ्या तपासण्या दोनदा होतात, मध्ये किमान ६ तासांचं अंतर ठेवून. त्याआधी झोपेच्या औषधांचा अंमल उतरलाय का, शरीराचं तापमान ठीक आहे का, हे पाहावं लागतं, कारण गार पडलेलं किंवा औषधानं गुंगलेलं शरीरही मेल्यासारखं वागू शकतं.

तपासण्या तशा साध्या दिसतात. डोळ्यांत टॉर्च. बुबुळाला कापसाचा स्पर्श. कानात बर्फाचं पाणी. जिवंत मेंदू असेल तर डोळे फिरतात. घशातली नळी आत सरकवून खोकला येतो का ते बघायचं. शेवटची तपासणी अॅप्नियाची. व्हेंटिलेटर सोडवतात, नळीतून नुसता ऑक्सिजन चालू ठेवतात, आणि सगळे छातीकडे बघत उभे राहतात. आठ-दहा मिनिटं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. तो पाऱ्याच्या ६० मिलिमीटरपर्यंत चढला, की जिवंत मेंदू काहीही करून एक तरी श्वास घ्यायला लावतो. तो एक श्वासही आला नाही, तरच पुढचा कागद. त्या मिनिटांत मी कधी कुणाला खोलीत बोलताना ऐकलेलं नाही. काही रुग्णालयं नातेवाइकांना हे पाहू देतात. पाहायचं असेल तर मागणी करा.

दुसऱ्या वेळच्या तपासण्या पूर्ण झाल्याची वेळ हीच मृत्यूची वेळ म्हणून धरली जाते. प्रमाणपत्र 'नमुना १०' मध्ये असतं, त्यावर चौघांच्या सह्या असतात. ते बघायला मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

५. पण आम्ही स्वतः हात हलताना पाहिला!

पाहिला असेल. मेंदूमृत्यूनंतरही पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू काही काळ काम करतो, आणि त्याच्या प्रतिक्षिप्त क्रियांनी बोटं हलतात, पाय आखडतो, क्वचित दोन्ही हात छातीपर्यंत उचलले जातात. प्रशिक्षित नर्ससुद्धा पहिल्यांदा पाहताना दचकते. ही हालचाल मेंदूकडून येत नाही. तरी पाहिलेली हालचाल डॉक्टरांना सांगाच. "आम्हाला वेडं समजतील" म्हणून गप्प बसलेली शंका संमतीच्या वेळी भिंत होऊन उभी राहते.

६. माझ्याकडे डोनर कार्ड आहे म्हणून डॉक्टर मला वाचवायला कमी धडपडतील का?

कॅज्युअल्टीत कुणी तुमचं पाकीट उघडून कार्ड शोधत नाही. तिथे बीपी शोधतात. उपचार करणाऱ्यांचा प्रत्यारोपणाशी संबंध नसतो (प्रश्न ४), आणि अवयव कोणाला जाणार हे त्यांच्या हातात नसतं (प्रश्न ११). शिवाय एक व्यवहाराची गोष्ट: ज्याचे अवयव घ्यायचे त्याचं रक्ताभिसरण शेवटपर्यंत उत्तम राखावं लागतं. हेळसांड झालेल्या पेशंटचे अवयव कुणाच्याच उपयोगाचे राहत नाहीत.

७. नोंदणी कशी करायची?

अवयव प्रत्यारोपणाची राष्ट्रीय संस्था नोटो हिच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकानं प्रतिज्ञा नोंदवता येते, किंवा 'नमुना ७' कागदावर भरता येतो. कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, त्यातला एक जवळचा नातेवाईक. ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जातही एक रकाना असतो, जो बहुतेक जण न वाचताच सोडून देतात. नोटोचा मोफत क्रमांक १८००११४७७०. नोंदणीला पैसे लागत नाहीत, वैद्यकीय तपासणी लागत नाही, आणि मन बदललं तर ती रद्दही करता येते.

३ ऑगस्टला भारतीय अवयवदान दिन असतो. १९९४ मध्ये त्याच तारखेला दिल्लीच्या एम्समध्ये देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण झालं. त्या आठवड्यात शिबिरं होतात, शेकड्यांनी फॉर्म भरले जातात, आणि मग पुढचा प्रश्न राहूनच जातो.

८. कार्ड आहे म्हणजे झालं ना? मग घरच्यांना पुन्हा विचारता कशाला?

कारण कार्ड फक्त तुमची इच्छा सांगतं. सही घरचे करतात.

कायद्याच्या भाषेत पाहिलं तर साक्षीदारांसमोर लिहिलेली इच्छा पुरेशी आहे. प्रत्यक्षात घरच्यांचा विरोध डावलून महाराष्ट्रात अवयव घेतले जात नाहीत, आणि माझ्या मते जाऊही नयेत. उलटही खरं आहे. कार्ड नसलं तरी घरचे हो म्हणू शकतात, आणि बहुतेक दानं अशीच होतात. त्यामुळे कार्डाचं लॅमिनेशन करण्यापेक्षा जेवताना एकदा मोठ्यानं बोलणं जास्त उपयोगाचं. "मला काही झालं तर माझं जे कामाचं असेल ते द्या." एवढं वाक्य बायकोच्या, मुलाच्या, थोरल्या भावाच्या कानावर पडलेलं असलं की त्या रात्री त्यांना निर्णय घ्यावा लागत नाही, फक्त आठवावं लागतं.

एका थोरल्या भावानं मला सांगितलं होतं, "ताई, त्याचं कार्ड बघितलं तेव्हा राग आला. आम्हाला का नाही बोलला?" त्यांनी नकार दिला. त्या भावाचा मला अजून राग येत नाही.

विचारण्याचीही एक वेळ असते. आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यू सांगायचा, तो घरच्यांच्या आत उतरू द्यायचा, मग समन्वयकानं बोलायचं. माझ्या पहिल्या वर्षात मी ही रांग मोडली. डॉक्टर बोललेत असं समजून खोलीत गेले आणि "आपण सगळं ऐकलंच असेल" असं म्हणाले. बाईंनी काहीच ऐकलेलं नव्हतं. त्यानंतर आजतागायत मी आत जायच्या आधी त्या डॉक्टरला शोधून, समोर उभी राहून विचारते: नेमकं काय शब्द वापरलेत?

९. सही कुणाची चालते? आमच्याकडे सासूबाई आणि सूनबाई यांचं एकमत नाही.

कायद्यानं जवळचे नातेवाईक म्हणजे पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, आजी-आजोबा, नातवंडं. मृत व्यक्ती १८ वर्षांखालील असेल तर आई किंवा वडील यांपैकी कुणीही संमती देऊ शकतं. संमतीचा कागद म्हणजे 'नमुना ८'.

एकमत नसेल तर कागदावर एक सही पुरते म्हणून आम्ही घाई करत नाही. त्या सुनेला पुढची तीस वर्षं त्याच घरात काढायची असतात. बहुतेकदा घरात एक मामा किंवा थोरले दीर असतात ज्यांचा शब्द सगळे मानतात. त्यांच्याशी बोललं की गाठ सुटते, किंवा सुटत नाही. नाही सुटली तर तिथेच थांबतो.

१०. बाबा ७२ वर्षांचे, शुगर आहे, बीपी आहे. त्यांचं काय घेणार?

"नाही" हे उत्तर तुम्ही आधीच देऊन टाकू नका, ते डॉक्टरांना देऊ दे. वयाला वरची ठाम मर्यादा नाही. सत्तरीतलं यकृत कधीकधी पन्नाशीतल्यापेक्षा चांगलं निघतं. मधुमेहात मूत्रपिंडं बाद होऊ शकतात, यकृत चालू शकतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले, चष्मा असलेले डोळेही चालतात, कारण लागतं ते पुढचं पारदर्शक पारपटल. एचआयव्ही, हिपॅटायटीस, सर्वांगात पसरलेला जंतुसंसर्ग, रेबीज यांत सहसा थांबावं लागतं. पसरलेल्या कर्करोगात अवयव घेत नाहीत, पण रक्ताचा किंवा डोळ्याचा कर्करोग नसेल तर अनेकदा डोळे घेता येतात.

११. अवयव कोणाला मिळतात? पैसेवाल्याला, ओळखीवाल्याला?

महाराष्ट्रात विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत, आमच्या बोलीत झेडटीसीसी: मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. त्यांच्या वर मुंबईच्या केईएम रुग्णालयातलं रोटो-सोटो, म्हणजे प्रादेशिक आणि राज्य पातळीवरची संस्था, आणि देशपातळीवर दिल्लीतलं नोटो. प्रतीक्षायादी केंद्राकडे असते. रक्तगट, किती दिवस वाट पाहतोय, किती निकडीचं आहे, आकार जुळतो का, यांवरून क्रम लागतो. विभागात योग्य पेशंट नसेल तर राज्यात, मग राज्याबाहेर. २०२३ पासून नाव नोंदवायला राज्याच्या रहिवासाची अट नाही आणि ६५ वर्षांची वयोमर्यादाही नाही.

"आमच्या मेहुण्यांना किडनी हवीच आहे, ही त्यांनाच द्या" असंही विचारतात. मरणोत्तर दानात नाव घालून देता येत नाही. मेहुण्यांचं नाव यादीत असेल तर त्यांचा क्रम त्या यादीनं ठरेल.

अवयवांचा व्यवहार करणाऱ्याला ५ ते १० वर्षं तुरुंगवास आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. घोटाळ्यांच्या बातम्या तुम्ही वाचता त्या बहुतेक जिवंत दात्यांच्या खोट्या कागदपत्रांच्या असतात. मरणोत्तर दानात चार डॉक्टर, दोन-तीन रुग्णालयं, एक केंद्र आणि अनेकदा पोलीसही असतात. इतक्या लोकांना एका रात्रीत एकत्र फितवणं सोपं नाही.

१२. "एक दाता, आठ जीव" हे पोस्टरवर असतं. खरं का?

जास्तीत जास्तचा हिशेब म्हणून खरं: हृदय, दोन फुप्फुसं, यकृत, दोन मूत्रपिंडं, स्वादुपिंड, आतडी. रोजच्या कामात बहुतेकदा यकृत आणि दोन मूत्रपिंडं, जोडीला डोळे. हृदय आणि फुप्फुसं फार नाजूक. काढल्यापासून ४ ते ६ तासांत दुसऱ्या छातीत बसवावी लागतात. ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे अवयवाच्या गाडीसाठी पोलिसांनी मोकळा ठेवलेला रस्ता, असतो तो याच्यासाठी. यकृताला ८ ते १२ तास मिळतात, मूत्रपिंडाला चोवीस तासांपर्यंत. मला ते पोस्टर आवडत नाही, कारण तीन अवयव दिलेल्या कुटुंबाला "पाच कमी पडले का" असं वाटतं. २०२३ मध्ये देशात १८ हजारांहून जास्त प्रत्यारोपणं झाली आणि मरणोत्तर दाते होते सुमारे ११००. बाकी भार जिवंत नातेवाइकांनी, बहुतेक घरांत बायकांनी, उचलला.

१३. खर्च आमच्यावर पडतो का?

संमतीनंतर दात्याचं रक्ताभिसरण राखणं, तपासण्या, अवयव काढणं, त्यांची वाहतूक यांचा खर्च दात्याच्या घरच्यांकडून घ्यायचा नाही, असं नियमांतच आहे. त्याआधीच्या उपचारांचं बिल मात्र तुमचंच राहतं. दोन्हींमधली रेघ कुठे ओढली ते बिलावर बघून घ्या, आणि शंका आली तर समन्वयकाला तिथल्या तिथे दाखवा. दानाच्या बदल्यात पैसे किंवा बिलात सूट मागता येत नाही, कुणी देऊ केली तर घेऊ नका. तो मोबदला ठरतो.

१४. अपघाताची केस आहे, पोलीस आहेत. पोस्टमॉर्टेम होणारच. मग कसं जमणार?

जमतं. मेंदूमृत्यूच्या बऱ्याच केसेस दुचाकीच्या अपघाताच्याच असतात. तपास अधिकाऱ्याला कळवावं लागतं, त्यांचं ना हरकत पत्र लागतं, आणि मृत्यूचं कारण ठरवायला जे लागत नाही तेच अवयव घेता येतात. शवविच्छेदन करणारे डॉक्टर शक्यतो ऑपरेशनच्या वेळी हजर राहतात. पूर्वी सूर्यास्तानंतर पोस्टमॉर्टेम नाही म्हणून सकाळपर्यंत थांबावं लागे. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रानं, सोयी असलेल्या रुग्णालयांत रात्रीही ते करायला परवानगी दिली, आणि अवयवदानाच्या केसेसना प्राधान्य द्यायला सांगितलं.

१५. शरीर ताब्यात कधी मिळेल? गाव लांब आहे, माणसं खोळंबतात.

खरं सांगते: वेळ लागतो. संमतीपासून ताबा मिळेपर्यंत बारा ते चोवीस तास धरून चाला, पोलीस केस असेल तर जास्तही. रक्ताच्या तपासण्या, यादीतल्या पेशंटना बोलावणं, बाहेरगावच्या टीम पोहोचणं, मग ऑपरेशन. "दोन तासांत होईल" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गावाला फोन करताना थेट "उद्या संध्याकाळी" म्हणा. मधल्या वेळात दोन-दोन करून आत जाऊन भेटता येतं. शेवटचं भेटायचं कुणी राहिलं असेल तर ऑपरेशनच्या आधी भेटवा.

१६. चेहरा बघता येईल ना? आणि अपूर्ण देहाला गती मिळते का? दहाव्याला पिंडाला कावळा शिवेल का?

चेहऱ्याला काही होत नाही. गळ्याच्या खालून पोटापर्यंत एक लांब टाका असतो, कुठल्याही मोठ्या ऑपरेशनचा असतो तसाच शिवलेला. नवी साडी किंवा सदरा घातला की दिसत नाही. पारपटल काढल्यावर पापण्या नीट मिटवतात. त्वचा दिली तर ती मांड्या-पाठीवरचा कागदाएवढा पातळ थर असतो, वर पट्टी बांधतात. हात देण्याची शस्त्रक्रियाही आता देशात होते. त्याला वेगळी संमती लागते आणि त्या जागी कृत्रिम हात बसवून शरीर देतात.

गतीबद्दल बोलायला मी अधिकारी व्यक्ती नाही. एवढं पाहिलंय की संमती देणाऱ्यांत नेमानं वारी करणारे होते, रोजे ठेवणारे होते, चर्चमध्ये जाणारे होते, विहारात जाणारे होते. दधीचींची गोष्ट त्यांच्यातलंच कुणीतरी मला ऐकवतं, मी सांगायच्या आधी. आणि कावळ्याचं म्हणाल, तर एका आजींनी दहाव्यानंतर आपणहून फोन केला होता. म्हणाल्या, "पहिल्या झटक्यात शिवला हो." मी कावळ्याच्या मागे लागत नाही, पण तो फोन मी विसरलेली नाही.

१७. घरी मृत्यू झालाय. डोळे द्यायचेत. आत्ता काय करू?

पंखा बंद करा, एसी असेल तर चालू करा. पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवा. डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच करा. जवळच्या नेत्रपेढीला फोन करा, मृत्यूचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांना बोलावून ठेवा. पेढीचे लोक घरी येतात, काम साधारण वीस-पंचवीस मिनिटांचं, पैसे लागत नाहीत. दोन डोळ्यांनी निदान दोघांना दिसू लागतं. त्वचा द्यायची असेल तर तेही त्याच फोनवर विचारा. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत. त्वचेला रक्तगट जुळावा लागत नाही, ग्लिसरॉलमध्ये ती काही वर्षं टिकते, आणि खूप भाजलेल्या माणसावर पांघरुणासारखी घालतात.

जवळच्या नेत्रपेढीचा क्रमांक आजच शोधून फोनमध्ये 'नेत्रपेढी' नावानं साठवून ठेवा. त्या पहाटे शोधत बसाल तर घरातला कुणीतरी शहाणा "आता जाऊ दे" म्हणतोच.

१८. आधी अवयव आणि मग देहदान, दोन्ही होईल का?

सहसा नाही. अवयव काढलेलं किंवा पोस्टमॉर्टेम झालेलं शरीर महाविद्यालयं घेत नाहीत, कारण विद्यार्थ्यांना शिकायला ते अखंड लागतं. डोळे दिलेले चालतात. दोन्हींचे फॉर्म भरून ठेवा आणि घरच्यांना सांगा: अवयव जमले तर अवयव, नाहीतर डोळे आणि देह.

१९. अवयव मिळालेल्यांना भेटता येईल का?

नाव-पत्ता दोन्हीकडे गुप्त ठेवतात. "यकृत एका तरुण बाईंना मिळालं, त्या बऱ्या आहेत" एवढं आम्ही सांगू शकतो. वर्तमानपत्रांतून काही जोड्या जुळतात, पण घेणारा माणूस आयुष्यभर ओझ्याखाली राहू नये आणि देणाऱ्या घरात अपेक्षा उगवू नये, यासाठी हा पडदा मला योग्य वाटतो.

२०. आम्ही नाही म्हटलं तर काय होतं? व्हेंटिलेटर काढतात का?

नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि त्याचं कारण सांगावं लागत नाही. आयसीयूत अशी शक्यता असेल तर विचारणं हे रुग्णालयाचं कायदेशीर कर्तव्य आहे, म्हणून विचारलं जातं. एवढंच.

व्हेंटिलेटरचा प्रश्न अवघड आहे. आपल्याकडे मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात आलाय. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात त्याचा तसा उल्लेख नाही. म्हणून दानाला नकार आला की बरीच रुग्णालयं स्वतःहून मशीन बंद करायला कचरतात, आणि हृदय थांबेपर्यंत, म्हणजे काही तास ते काही दिवस, सगळं तसंच चालू राहतं. बिलही. डॉक्टरांशी यावर स्पष्ट बोला, आणि बोलणं लेखी घ्या.

२१. हो म्हटलं आणि नंतर मन बदललं तर? किंवा फक्त किडनी द्यायची, हृदय नाही, असं चालतं?

दोन्ही चालतं. फॉर्मवर अवयवांची नावं वेगवेगळी असतात, हवी तेवढ्यांवर खूण करा. "डोळे नको, ते त्याचे फार बोलके होते" असं म्हणणारी आई मी पाहिलीय. डोळे सोडून बाकी सगळं दिलं तिनं. ऑपरेशन सुरू होईपर्यंत संमती मागे घेता येते, आणि त्याचं कारण कुणी विचारत नाही.

२२. ज्या रुग्णालयात आहोत तिथे प्रत्यारोपण होतच नाही. मग?

प्रत्यारोपण न करणाऱ्या रुग्णालयांनाही फक्त अवयव काढण्यासाठी मान्यता मिळते, आणि जिल्ह्यांच्या ठिकाणी अशी रुग्णालयं आहेत. मान्यता नसेल तर विभागीय केंद्राला कळवा. पेशंटला दुसरीकडे हलवता येतं का ते तिथून बघतात. डॉक्टरांनी विषय काढला नाही तरी घरच्यांनी आपणहून काढलेला चालतो. अशा वेळी "कुणाला विचारायचं?" याचं उत्तर: आयसीयूच्या सिस्टर. त्यांना सगळे नंबर ठाऊक असतात.

२३. सगळ्या सह्या केल्या, रात्रभर थांबलो, आणि शेवटी काहीच घेतलं नाही. असं का?

होतं असं. रक्तदाब अचानक कोसळतो आणि टीम पोहोचायच्या आत हृदय थांबतं. रक्ताच्या तपासणीत काहीतरी निघतं. कधी पोट उघडल्यावर दिसतं की यकृत चालणार नाही. घरच्यांना हे सांगणं मला मृत्यू सांगण्याइतकंच अवघड जातं, कारण त्या रात्रीत त्यांनी त्या दानाचा आधार धरलेला असतो. अशा वेळी डोळे आणि त्वचा यांची विचारणा पुन्हा करते. तपासणीत संसर्ग निघालेला नसेल तर ती बहुतेकदा घेता येतात.

एकदा पहाटे साडेचारला असंच झालं. मुलीच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, खिशातून चष्म्याची डबी काढली, माझ्या हातातला नवा फॉर्म घेतला आणि विचारलं, "डोळ्यांची सही कुठे?"